आग नको, पाणी तापवा

माझ्या वहीतल्या पहिल्या दहा कवितांत मिळून 'आग' हा शब्द सत्तावीस वेळा आलाय. मी मोजला नव्हता. मामानं मोजला. मामा चौथी शिकलेला, पिकअपचा ड्रायव्हर. अक्षरावर बोट ठेवून वाचतो. वाचून झालं, वही मिटली आणि म्हनला, "एवढ्या आगीत एखादी भाकर भाजली का न्हाई रं?"

मला राग आला. मी दाळ मिलचा कामगार. दिवसाचे दहा-बारा तास तुरीच्या धुळीत. नववीला शाळा सुटली. पुढं जे काय शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांवर आणि वस्तीतल्या वाचनालयात. बाबासाहेब वाचले, आपले कवी वाचले, आणि वाटलं, आपल्याजवळ द्यायला दुसरं आहे काय? आग आहे. तर हा माणूस भाकरीचं विचारतो.

त्याचं उत्तर मला पुढं जानेवारीच्या एका रात्री मिळालं. मामाच्या गाडीपाशी. म्हणून दोस्तांनो, ही गाडीची गोष्ट सांगतोय. कंटाळा करू नका. डिझेलची गाडी थंडीत कशी चालू करायची, एवढंच सांगणार आहे.

आमची वस्ती लातूरला, नांदेड रोडच्या अंगाला. लातूर बालाघाटाच्या पठारावर, गोदाकाठच्या नांदेडपेक्षा उंच. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा वारा पत्र्याच्या फटीतून सुईसारखा आत येतो. आम्ही काही काश्मिरात राहत नाही. पण परभणीकडं पारा पाच-सहावर उतरल्याची बातमी आली की समजायचं, उद्या मामाची गाडी रुसणार.

आणि नेमकं ह्याच दिवसांत काम. नवी तूर डिसेंबर-जानेवारीत आडतीवर येते. मिलीला माल लागतो. पिकअप साडेचारला हलली नाही तर खेप दुसऱ्याची. खेप गेली की हप्ता थकतो. हप्ता थकला की फायनान्सचा माणूस दारात उभा. म्हणजे थंडीत गाडी चालू होणं न होणं हा आमच्या घरात इंजिनाचा प्रश्न नाही. चुलीचा आहे.

रात्री गाडी लावतानाच मामा सकाळची तयारी करतो. गाडीचं तोंड उताराकडं, ढुंगण नाल्याकडं. उतार यासाठी की बॅटरी मेली तर धक्का मारता यावा. नाला यासाठी की सकाळचा धूर कुणाच्या दारात जाऊ नये. "लेकरं झोपलेली असत्यात," म्हनतो. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संस्थेनं डिझेलचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत पक्का धरला, हे मी कुठंतरी वाचून त्याला सांगितलं. तो म्हनला, "मला खोकल्यानं आधीच सांगितलं व्हतं."

मग बॉनेटवर वाकळ. माझ्या आज्जीची, म्हणजे मामाच्या मायची वाकळ. लुगड्याच्या चिंध्यांवर चिंध्या, ठिगळांवर ठिगळं. आज्जी गेली २०१६ ला, ज्या वर्षी मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं त्या वर्षी. खरं म्हणजे वाकळीनं रातभर इंजिन गरम राहत नाही. वारा तेवढा अडतो, दव अडतं. पण मामा म्हनतो, "मायनं सात लेकरं हिच्यात राखली. ही गाडी आठवं." पहाटे आधी वाकळ काढायची, घडी घालून सीटवर ठेवायची, मगच चावीला हात. वाकळ तशीच ठेवून इंजिन चालवायचं नाही. हा आमच्या घरातला पहिला कायदा.

मामानं मला इंजिन शिकवलं ते असं. पेट्रोलच्या गाडीत प्लग असतो, तो ठिणगी टाकतो. डिझेलला ठिणगी नाही. डिझेलचं इंजिन नुसती हवा आत घेतं आणि दाबतं. सोळा ते वीस पट दाबतं. एवढी दाबली की हवा आपसूक तापते, पाचशे अंशांच्या वर जाते. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो पेट घेतो. काडी लावावी लागत नाही.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उडालोच. दाबून दाबून आपसूक पेटवणारी हवा! ही तर आपलीच गोष्ट. लगेच वही काढली. मामा म्हनला, "थांब की. अर्धंच ऐकलास."

उरलेलं अर्धं असं, की थंडीत हेच होत नाही. लोखंड गार पडलेलं असतं. हवा दाबली तरी तिची ऊब ते गार लोखंड पिऊन टाकतं. ऑईल काकवीसारखं घट्ट झालेलं, म्हणून इंजिन फिरायला जड. आणि बॅटरीतला जोरही थंडीनं कमी झालेला. तिन्ही एकाच वेळी. मग स्टार्टर कितीही मारा, आत पेट घेत नाही.

"नुसत्या दाबानं पेटलं असतं तर आपले बापजादे कवाच पेटले असते," मामा म्हनला. मी वही मिटली.

म्हणून हीटर असतो. चावी अर्धी फिरवली की समोर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह लागतं. आत पेन्सिलीएवढे हीटर प्लग लाल होतात. तो दिवा विझेपर्यंत हात आवरायचा. लई गारठा असला तर चावी मागं घेऊन पुन्हा एकदा. क्लच दाबून धरायचा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑईल फिरवायचं ओझं स्टार्टरवर पडत नाही. मग स्टार्टर. दहा सेकंदांच्या वर नाही. झाली नाही तर अर्धा-एक मिनिट थांबायचं, बॅटरीला दम खाऊ द्यायचा. चालू झाली की गाडी आधी खडखडते, पांढरा धूर टाकते. तो न जळालेल्या डिझेलचा. हळूहळू धूर विरतो, आवाज गोल होतो.

इथंच पोरं चुकतात. चालू झाली रे झाली की रेस मारतात. भुर्र, भुर्र. मर्द वाटतं. पण ऑईल अजून खाली चेंबरात असतं, वर सगळीकडं पोचलेलं नसतं. सुकं लोखंड सुक्या लोखंडावर घासतं. टर्बो असला तर त्याचं बेअरिंग आधी जातं. दुसरी चूक हिच्या उलटी. तापू दे म्हणून वीस-वीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवतात. डिझेलचं इंजिन जागेवर नीट तापतच नाही. अर्धवट जळालेलं डिझेल ऑईलात उतरतं, आत काजळी धरते, टाकीतलं डिझेल जातं ते वेगळंच. मामाची रीत एक-दोन मिनिटांची. आवाज गोल झाला की निघायचं, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश, इंजिनाला ताण न देता. "इंजिन चालूनच तापतंय. जागेवर बसून न्हाई."

कार्यकर्ते मित्रहो, तुम्ही हसला असाल. मीपण हसलो होतो. जागेवर उभं राहून भुर्र भुर्र करणाऱ्या किती संघटना आपण पाहिल्यात! धूर मोठा, जागा तीच.

तिकडं लडाखात थंडी उणे तीसच्या खाली जाते. डिझेलमध्ये मेण धरतं, ते नळीतच थिजतं. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑईलनं उणे ३३ अंशांतही वाहतं राहील असं डिझेल तिकडं द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं डिझेल थिजत नाही. आपल्याकडं माणूस घाई करतो. हे इंजिन काढणारा रुडॉल्फ डिझेल, त्याला मात्र घाई करता आली नाही. कैक वर्षं खपला, तेव्हा कुठं १८९७ ला जर्मनीत ऑग्सबर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर ह्या जातीचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. हे मामाला सांगितलं तर म्हनला, "शेंगदाण्याचं तेल? ते आपल्या भाजीला न्हाई अन् गाडीला कुठलं घालू?"

आता ती रात्र.

दोन वर्षांमागची १३ जानेवारी. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर मराठवाडाभरातून माणसं जमतात. १९९४ साली त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. आम्ही वस्तीतली पोरं तिथं पुस्तकांचा एक छोटा स्टॉल लावतो. पुस्तकं, सतरंजी, बॅनर, टेबल हे सगळं मामाच्या पिकअपमधून जातं. माणसं एसटीनं. मागच्या हौद्यात मामा माणूस बसवत नाही. "माणसं म्हंजे तुरीचे कट्टे न्हाईत," म्हनतो. कायदाही तेच सांगतो, पण मामा ते कायद्याच्या भ्यानं म्हनत नाही. रात्री एकला निघायचं, म्हणजे अंबाजोगाई, बीड, गेवराई करत सकाळी गेटवर.

एकला मामानं चावी दिली. हीटरचा दिवा लागला, विझला. घुर्र... घुर्र... टक. पुन्हा टक. बॅटरी बसली. उतारावर ढकलावी तर दुपारी कुणीतरी उताराच्या तोंडालाच खडीचा ढीग टाकून गेलेला. पुस्तकांच्या खोक्यांवर हात ठेवला तर पुठ्ठासुद्धा गार लागत होता. दहा-बारा पोरं गाडीभोवती हात चोळत उभी. जो तो घड्याळ बघतोय.

एक दोस्त पळत गेला आणि काकडा घेऊन आला. काठीला फडकं, डिझेलात बुडवलेलं. "मामा, चेंबरखाली धरू. ऑईल पातळ झालं की होती चालू." ही रीत जुनी आहे. टाटाची ४०७ आली १९८६ ला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मामा एका ४०७ वर क्लीनर होता. थंडीत ड्रायव्हर लोक चेंबरखाली शेण्या पेटवायचे, काकडे धरायचे. कैक गाड्या अशा चालू झाल्या. काही जळाल्याही. चेंबरला गळलेलं तेल चिकटलेलं असतं, डिझेलची नळी जवळ, वायरिंग जवळ.

हे सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या खिशातली काडेपेटी मी काढली. खरं सांगतो, काडी मीच ओढली.

"इझव!"

मामा एवढ्या मोठ्यानं ओरडलेला मी कधी ऐकला नव्हता. काडी हातातून पडली. मामा थरथरत होता. थंडीनं नाही. मग तो चाकाला टेकून खाली बसला आणि बोलायला लागला. त्याच्या घरात मी लहानाचा मोठा झालो. त्याचं सगळं मला ठाऊक आहे असं वाटायचं. हे ठाऊक नव्हतं.

२७ जुलै १९७८. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. पेटला! किती सहज लिहितो आपण हा शब्द. मामा तेव्हा नऊ वर्षांचा. नांदेड जिल्ह्यात, कंधारकडच्या एका खेड्यात.

"पावसाळ्याचे दिस. वलं छप्पर सुदं पेटत नसतंय," मामा म्हनला. "त्येंनी कडबा आणला. राकेल आणलं. काकडे आणले. असेच. काठीला फडकं. काकडा धरून म्होरं उभा व्हता तो माणूस माझ्या वळखीचा. त्येची ढोरं मी राखायचो. त्येनं माझ्याकडं बघितलं. वळखलं. अन् मग लावला."

आज्जी सात लेकरं घेऊन हायब्रीड ज्वारीच्या पिकात रातभर बसली. वरून पाऊस. पळताना हाताला लागली ती एक वाकळ सगळ्यांवर. हीच, बॉनेटवरची. पुढं ठिगळं बदलत गेली. आतली तीच.

त्याच दिवसांत, ४ ऑगस्टला, नांदेड जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. ते नाव आपण दरवर्षी गेटवर घेतो, घ्यायलाच पाहिजे. माझ्या आज्जीचं नाव कुणी घेत नाही, कारण ती मेली नाही. तिचं नुसतं घर जळालं. ती लातूरला आली, दुसऱ्यांच्या घरची दाळ निवडली आणि जगली.

मी विचारलं, "आन् गौतम वाघमारे?" २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात नामांतरासाठी त्यांनी स्वतःला जाळून घेतलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नाव लागलं. मामा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तो बराच वेळ गप्प बसला.

"त्येंनी आग सोताच्या अंगावर घेतली. दुसऱ्याच्या छपरावर टाकली न्हाई. त्येंचं नाव निघालं की माझी मान खाली जाते. पर आता एकबी पोरगं तसं जाऊ नये. एकबी न्हाई. पोरानं जगावं अन् रोज पहाटं उठून गाडी तापवावी."

मग तो उठला. पँट झटकली. म्हनला, "चुली पेटवा. पाणी तापवा. आग चुलीत असती, गाडीखाली न्हाई."

पाच घरांत दिवे लागले. मावश्या उठल्या. कुणाचा गॅस, कुणाची चूल. पातेली, घागरी, डबे. मामानं सांगितलं, उकळतं नको, हाताला सोसेल असं. गार लोखंडावर उकळतं पाणी ओतलं तर तडा जातो. गोणपाटं गरम पाण्यात बुडवली, पिळली, आणि चेंबरला, डिझेलच्या फिल्टरला, नळ्यांना गुंडाळली. गार झाली की दुसरी. बॅटरी अन् वायरी कोरड्या ठेवल्या. इकडं आम्ही फावडी-घमेली घेऊन खडीचा ढीग उपसला. पाऊण तास. ज्या दोस्तानं काकडा आणला होता त्यानंच सगळ्यात जास्त घमेली टाकली. काही बोलला नाही. मीपण नाही.

मग धक्का. मामाची गाडी जुनी, साध्या पंपाची, ती धक्क्यानं घेते. चावी चालू, हीटर दिलेला, क्लच दाबलेला, दुसरा गिअर. अठरा-वीस माणसं मागून. मावश्यासुद्धा. गाडीनं उतार धरला आणि मामानं क्लच सोडला. गाडी हिसडली. भड्... भड्... भडभडभड. पांढरा धूर असा आला की कुणाला कुणी दिसेना. त्या धुरातच कुणीतरी 'जय भीम' म्हनलं आणि सगळ्यांनी घेतलं.

"चला मामा, लई उशीर झाला." सव्वादोन झाले होते. मामा हलला नाही. एवढी सगळी खटपट करून चालू झालेली गाडी, उशीर झालेला, पोरं ओरडतायत, आणि हा माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत बसलाय. हळूहळू पोरंही गप्प झाली. सगळी वस्ती रस्त्यात उभी राहून एका इंजिनाचा आवाज ऐकत होती. दोन मिनिटं. आवाज गोल झाला. मामानं पहिला गिअर टाकला. मी वाकळ मांडीवर घेऊन शेजारी बसलो.

नऊ वाजून गेले पोचायला. आमची नेहमीची जागा गेली होती. रांगेच्या शेवटी सतरंजी टाकली. तरी पुस्तकं विकली गेली.

एसटीनं आलेली माझी धाकटी बहीण गेटसमोर उभी होती. नुकतीच ती बी.ए. झालेली. आमच्या घरातली पहिली. म्हनली, "दादा, ज्या नावासाठी आपलं घर जळालं, ते नाव माझ्या पदवीवर न्हाई."

खरंच आहे. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं आणि १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. नांदेड, लातूर, परभणी तिकडं गेले. पदवीवर स्वामी रामानंद तीर्थांचं नाव. निजामाविरुद्ध लढलेला तो माणूस, त्यांच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. जवळ विद्यापीठ आलं म्हणून गरिबाच्या पोरी शिकल्या, माझी बहीण शिकली, हेही खरं. पण हिशेब तर बघा. नाव लागायला १९७८ ते १९९४, सोळा वर्षं. १९७९ चा लाँग मार्च, मोर्चे, तुरुंग, मुडदे. आणि वाटणी व्हायला आठ महिने. जिथं पोचिराम कांबळे गेले, जिथं गौतम वाघमारे गेले, त्या नांदेडच्या पोरांच्या पदवीवर आज ते नाव नाही.

मी मामाकडं बघितलं. तो काही बोलला नाही. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बॉनेट उघडून ऑईल बघायला लागला. परत जायचं होतं.

दोस्तांनो, मी काही थंड राहा असं सांगत नाही. थंड राहिलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे. दाब असतो आणि पेट घेत नाही. मी एवढंच म्हणतोय की १४ जानेवारीच्या पहाटे एकदम चावी मारून आपली गाडी चालू होत नाही. आदल्या रात्री तोंड उताराकडं करून ठेवावं लागतं. वर्षभर वाचनालय उघडं ठेवावं लागतं, पोरींच्या फीचं बघावं लागतं, मिलीतल्या पगाराचं विचारावं लागतं. आणि गाडी बंद पडलीच तर पाच घरच्या मावश्यांना रात्री एकला उठवता आलं पाहिजे. आपण आवाज दिला तर किती घरांत दिवे लागतील, हे प्रत्येकानं आपापल्या वस्तीत मोजून बघावं.

घरी आलो आणि वही काढली. सत्तावीसपैकी सव्वीस आगी खोडल्या. एक ठेवली. ती चुलीतली आहे, तिच्यावर पाणी तापतंय. बाकीच्या जागी काय लिहायचं ते सगळं अजून सुचलेलं नाही.

उद्या साडेचारला आडतीवर जायचं आहे. आत्ताच वाकळ टाकून आलो.